गप झालेलं कुत्रं

कोल्हापुरात कुत्रं असलेल्या घरी गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘आता लई शहाणं झालंय बघा. कुणावर भुंकत न्हाई, काय न्हाई, एका जागी पडून असतंय.’ सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: कधीपासून? चार-पाच वर्षांचं धडधाकट कुत्रं, परवापरवापर्यंत दूधवाल्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की फाटकाशी हजर असायचं. आता तीच गाडी दारात येऊन उभी राहिली तरी त्याचा फक्त एक कान हलतो, पंजावर टेकलेलं डोकं उचलत नाही. हा बदल शहाणपणाच्या खात्यावर जमा झाला, की पुढे कित्येक महिने त्या जनावराकडे कुणी नीट बघत नाही. दंगा करणाऱ्या कुत्र्याची तक्रार शेजारीपाजारी करतात. गप झालेल्याची तक्रार कोण करणार?

कुत्र्याला माणसासारखं नैराश्य येतं का, यावर पशुवैद्य जपून बोलतात आणि ते बरोबरच आहे. आत काय चाललंय हे त्याला सांगता येत नाही. पण भूक, झोप, खेळ आणि घरातल्यांत मिसळणं असं सगळंच मंदावलं आणि तपासण्यांत शरीराचं दुखणं सापडलं नाही, तर मला तरी नैराश्य हाच शब्द योग्य वाटतो.

ओळख पटते ती त्याच कुत्र्याच्या आधीच्या वागण्याशी ताडून बघितलं तर. लॅब्रॅडॉर मुळात खादाड, त्यानं अर्धी ताटली तशीच ठेवली तर ती काळजीची गोष्ट. एखादं मुधोळ खाण्यात पहिल्यापासूनच निवडक असेल, तर त्यानं एक वेळ तोंड फिरवलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. झोपेचंही तसंच. वाढलेलं कुत्रं दिवसरात्र मिळून १२ ते १४ तास सहज झोपतं. तास किती भरले यापेक्षा ते झोपतं कुठे हे बघा. आधी सोप्यात, सगळ्यांच्या पायात येणारं कुत्रं आता पलंगाखाली किंवा जिन्याच्या खालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडत असेल, तर ते महत्त्वाचं. पट्ट्याची कडी वाजली की उड्या मारणारं कुत्रं पट्टा बघून मान वळवत असेल, तर ते त्याहून महत्त्वाचं. आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं ही मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते.

पुढच्या पायाच्या मनगटाशी एकच जागा तासन्‌तास चाटत बसणं, ही आणखी एक. तिथले केस जातात, कातडी जाड होते, मग जखम होते. मात्र चाटण्यामागे गोचीड, ॲलर्जी किंवा सांध्याचं दुखणंही असतं, त्यामुळे नुसत्या चाटण्यावरून निष्कर्ष काढू नये.

आठवडाभर एक वही ठेवा. अन्न वजनकाट्यावर मोजून घाला आणि उरलेलं मोजून लिहा. पाणी सकाळी मापानं भरा, रात्री किती शिल्लक आहे ते बघा. साधारणपणे कुत्रं दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी पितं, म्हणजे २० किलोचं कुत्रं एक ते सव्वा लिटर. ओलं अन्न खाणारं थोडं कमी पितं. हाच आकडा दोन लिटरच्या पुढे जाऊ लागला तर मनाचा विचार बाजूला ठेवून मूत्रपिंड, मधुमेह आणि गर्भाशयाकडे बघावं लागतं. घरात कुणी नसताना ते काय करतं, हे कळायला एक जुना मोबाइल कपाटावर व्हिडिओ चालू करून ठेवला तरी पुरतं. माणसं असताना पडून राहणारं आणि एकटं पडल्यावर दाराशी येरझाऱ्या घालून रडणारं कुत्रं एकटेपणाच्या भीतीनं ग्रासलेलं असतं. त्याचे उपाय वेगळे.

आधी शरीर, मग मन. हा क्रम उलटा झाला की जनावर जिवाला मुकू शकतं, म्हणून इथं थोडं थांबतो. आपल्या भागात अचानक गप झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड आहे का ते चाचपा. ओठ वर करून हिरड्या बघा: निरोगी कुत्र्याच्या गुलाबी असतात, बोटानं दाबून सोडल्या की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. फिकट हिरड्या, पोटावर लाल-जांभळे बारीक ठिपके, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ताप नाकाला हात लावून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजावा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, १०३ च्या वर गेलं तर थांबू नका. गोचीडतापावरचं डॉक्सिसायक्लिन डॉक्टर सहसा चार आठवडे देतात. इथं घोटाळा असा होतो, की चार-पाच दिवसांत कुत्रं खायला लागतं, घरचे गोळ्या बंद करतात आणि दुखणं दबून राहून पुन्हा डोकं वर काढतं.

थायरॉइड कमी पडलेलं कुत्रंही असंच मंद होतं. कमी खाऊनही वजन वाढतं, दोन्ही कुशींवरचे केस विरळ होतात, थंडी सोसत नाही. यात रक्तातलं टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक नुसतं कमी आलं म्हणून लगेच थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण दुसऱ्या कुठल्याही आजारात ते खाली येतं. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, बघायला सांगावं. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत सुस्त झाली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. तिथं उद्यावर ढकलायला वेळ नसतो. आणि वय झालेलं कुत्रं उदास वाटतं ते पुष्कळदा गुडघे आणि कंबर दुखते म्हणून. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर ते घसरायच्या भीतीनंच जागचं हलत नाही. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तरटाच्या किंवा रबरी मॅटच्या पट्ट्या अंथरून बघा. एवढ्यानं उठून फिरू लागलं, तर त्याचं दुखणं पायात होतं. घरातली माणसांची दुखण्याची गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेततात.

एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. रेबीज नेहमी पिसाळून धावत येत नाही. त्याच्या दुसऱ्या प्रकारात कुत्रं गप होतं, अंधारात लपतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय आणि ते तोंडात हात घालतात. लस चुकलेली असेल, किंवा गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्यानं चावा घेतलेला असेल, तर असं कुत्रं कोंडून ठेवून डॉक्टरांना बोलवा, हात लावू नका. लाळ लागलीच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवून लगेच सीपीआर (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा.

हे सगळं तपासून झालं, रक्त नीट आलं, तरी कुत्रं मान टाकून पडलंय. आता घराकडे बघायचं. गेल्या दोन-तीन महिन्यांत या घरात काय बदललं?

कोल्हापुरातल्या घरांत सगळ्यात नेहमीचं उत्तर असतं, पोरगं पुण्याला गेलं. बारावीनंतर शिकायला नाहीतर नोकरीला. कुत्रं आणायचा हट्ट त्याचाच होता, खाऊ घालणं, रंकाळा तलावावर नेणं, आंघोळ, सगळं त्याच्याकडेच. तो गेला तेव्हा कुत्र्याचं एक माणूस गेलं आणि त्याच्याबरोबर दिवसाचा सगळा आराखडाही गेला. आई-वडील जेवण घालतात, मायाही करतात, पण फिरणं बंद पडतं आणि संध्याकाळी सहा वाजता त्या कुत्र्याच्या आयुष्यात काहीच घडत नाही.

दुसरं कारण, सोबतीचं कुत्रं मरणं. २०२२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा ४२६ मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. घरातलं एक कुत्रं गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात बदल झाल्याचं ८६ टक्के लोकांनी सांगितलं: खेळ कमी, हालचाल कमी, झोप जास्त, खाणं कमी, आणि माणसांकडे लक्ष मागणं मात्र वाढलेलं. दोघं किती वर्षं एकत्र होती यापेक्षा त्यांचं आपसात कसं जमत होतं, यावर परिणाम अवलंबून होता. मालक जितका दुःखात, तितकं कुत्रंही जास्त भेदरलेलं, हेही त्यात दिसलं. म्हणून घरात रडारड असेल तेव्हा निदान त्याच्या जेवणाची आणि फिरायची वेळ तरी मोडू देऊ नये.

पुराचं दुखणं आपल्या गावाचं खास. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा देते, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरीपासून चिखली-आंबेवाडीपर्यंत घरंच्या घरं रिकामी झाली. पाहुण्यांकडे किंवा शाळेत नेलेलं कुत्रं तिथं गप होतं हे समजण्यासारखं आहे, पण बरीच कुत्री घरी परतल्यावर जास्त बिघडतात. याचं कारण नाकात आहे. चिखल काढून, फिनेल आणि ब्लीचिंग पावडरनं धुतलेल्या घरात त्याच्या ओळखीचा एकही वास उरलेला नसतो. भिंती त्याच, पण त्याच्या नाकाला ते परकं घर. म्हणून घर सोडतानाच त्याचं अंथरुणाचं पोतं आणि खायची ताटली बरोबर घ्यावी, ते पोतं न धुता परत आणून जुन्या जागी टाकावं, आणि ती जागा फिनेलनं न पुसता साध्या गरम पाण्यानं पुसावी. पुरानंतरच्या सुस्तीबरोबर उलटी, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) असू शकतो. तो लघवीतून माणसालाही होतो, हातमोजे घालूनच साफ करा.

आणि साखळी. वस्तीवरची, बंगल्याच्या मागच्या परड्यातली, दिवसभर सहा फुटांच्या साखळीला असलेली कुत्री. त्यांच्याबद्दल बोलताना मला एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना ते स्वतःच्या कुठल्याच हालचालीनं थांबवता येत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथं कमी उंचीचा अडसर ओलांडला की सुटका होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी प्रयत्नच केला नाही, पडून राहून झटके सोसले. वाचताना अंगावर काटा येतो. पण १९६८ साली याच मंडळींनी पुढचा भाग प्रसिद्ध केला, तो फारसा कुणी सांगत नाही. त्या कुत्र्यांना गळ्यात दोरी बांधून पुन्हा पुन्हा पलीकडे नेलं, आणि आपण हललो की झटका थांबतो हे कळल्यावर ती स्वतःहून पलीकडे जाऊ लागली.

साखळीच्या कुत्र्याला कुणी झटके देत नाही. पण ते भुंकलं तर ‘गप ए’, ओढलं तर गळ्याला हिसका, कुंईकुंई केलं तर कुणी येत नाही. विसर्जन मिरवणुकीतला डॉल्बी, दिवाळीतले फटाके, पळून जायला जागा नाही. आपल्या करण्यानं काहीच बदलत नाही, हे ते शिकतं आणि गप होतं. म्हणून उपचाराचा गाभा माझ्या मते एकच: त्याच्या करण्यानं काहीतरी घडलं पाहिजे, दिवसातून अनेकदा. माया, खाऊ, महागडं अंथरूण हे त्यानंतर.

सुरुवात फिरण्यापासून. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, आणि हातात तीन ते पाच मीटरची हलकी दोरी. वेळ २० ते ३० मिनिटं, शक्यतो रोज तीच. कुठे वळायचं हे कुत्र्यानं ठरवायचं, गाडीखाली जाणार नाही एवढंच आपण बघायचं. एका खांबाशी ते चार मिनिटं हुंगत उभं राहिलं तर चार मिनिटं उभं राहायचं. २०१९ मध्ये शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी पाळीव कुत्र्यांच्या दोन गटांची तुलना केली. दोन आठवडे वास शोधायचा सराव केलेली कुत्री नंतर, खाऊ असेल की नाही अशा अनिश्चित वाटीकडे आशेनं जास्त लवकर गेली. मालकाच्या पायाशी चिकटून चालायचा सराव केलेल्यांत तसा बदल दिसला नाही. रंकाळा पहाटे, गर्दी व्हायच्या आधी बरा. कळंब्याचा काठ, रानातल्या बांधावरची पायवाट त्याहून बरी. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील.

फिरायला नेऊनही सुधारणा होत नाही, तेव्हा बहुतेकदा वाट चुकीची असते. दोन गल्ल्यांतल्या कुत्र्यांच्या टोळ्या रोज अंगावर येत असतील तर ते फिरणं त्याला शिक्षाच. अशा वेळी गाडीवरून दोन किलोमीटर लांब नेऊन मोकळ्यावर सोडलेलं परवडलं, तेही लांब दोरीवरच. आणि जे कुत्रं उंबऱ्याबाहेर यायलाच तयार नाही, त्याला ओढू नये. प्रयोगातल्या दोरीचा अर्थ तसा घेऊ नका. पहिले दोन दिवस नुसतं फाटकाशी बसायचं, आपण शेजारी. तिसऱ्या दिवशी ते दोन पावलं पुढे गेलं तर तिथवरच.

मग जेवण. ताटली पुढ्यात सरकवण्याऐवजी थोडं शोधायला लावायचं. जुना टॉवेल अंथरून त्यावर चिकनचे बारीक तुकडे आणि भाकरीचा चुरा पसरायचा, टॉवेल सैल गुंडाळायचा, नाकानं ढकलला की उलगडेल इतका सैल. पहिल्या दिवशी नुसता दुमडला तरी चालेल. इथं चूक होते ती कोडं अवघड करण्यात: पहिल्या अर्ध्या मिनिटात काही मिळालं नाही तर उदास कुत्रं सोडून देतं आणि आपण त्याला पुन्हा तोच जुना धडा शिकवतो. टॉवेल जमला की पुठ्ठ्याचं खोकं, त्यात चुरगळलेले कागद, त्यांत तुकडे.

अन्न अंगाइतपत कोमट केलं की वास सुटतो आणि खायची इच्छा होते. चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं, बिनमिठाचं. तांबडा-पांढरा रस्सा मायेनं ओतणारे पुष्कळ आहेत, पण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मटणाचं शिजवलेलं हाड आतड्यात टोचतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. २० मिनिटांत खाल्लं नाही तर ताट उचला, पुढच्या वेळेला पुन्हा. दर तासाला नवा पदार्थ घेऊन विनवण्या केल्या तर ते थांबून राहायला शिकतं. मात्र पूर्ण २४ तास पोटात काहीच गेलं नाही तर दवाखाना, पिल्लू असेल तर त्याहून लवकर.

जवळ घेतल्यानं उदासी वाढते, असं सांगणारे भेटतात. ते खरं नाही. पण पलंगाखालून ओढून काढून कुशीत घेणं हे जवळ घेणं नव्हे. जवळ जमिनीवर बसा, मान खाजवा, तीन सेकंदांनी हात थांबवा. त्यानं डोकं हाताखाली सरकवलं तर पुढे चालू, मान वळवली तर उठा. दिवसभरात ते स्वतःहून जे काही करेल, तुम्ही जवळून जाताना मान वर करेल, शेपटीचं टोक हलवेल, दाराशी येऊन उभं राहील, त्या प्रत्येकाला लगेच उत्तर द्या. बोला, दार उघडा, एक तुकडा द्या.

घरात दुसरं पिल्लू आणणं हा उपाय नाही. उदास कुत्र्याच्या अंगाखांद्यावर दात शिवशिवणारं दोन महिन्यांचं पिल्लू सोडलं तर ते आणखी आत जातं. मोठं सावरल्यावर, त्याला दुसरी कुत्री आवडतात असा अनुभव असेल तरच विचार करावा.

हे नेमानं केलं तर दोन-तीन आठवड्यांत काहीतरी हललेलं दिसायला हवं. बहुधा आधी खाणं सुधारतं, मग झोपायची जागा उजेडात येते, मग फिरताना हुंगणं वाढतं. खेळ सगळ्यात शेवटी. महिन्याभरात वहीत काहीच बदल नसेल तर पशुवैद्याशी औषधाबद्दल बोला. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही औषधं कुत्र्यांना दिली जातात, मुख्यतः एकटेपणाच्या भीतीसाठी, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. फ्लुऑक्सेटिननं सुरुवातीला भूक आणखी मंदावू शकते, हे आधी माहीत असलं तर घाबरून औषध मध्येच तोडलं जात नाही. ही गोळी चालू असताना गोचिडांसाठी ॲमिट्राझचं धुणं किंवा पट्टा वापरू नका, दोन्ही एकत्र घातक ठरतात. डॉक्टरांना विचारून गोचिडांचं दुसरं औषध घ्या. माणसाच्या चिठ्ठीवरची गोळी अर्धी करून देणं तर नकोच.

पोरगं जायचं ठरलं असेल तर तीन-चार आठवडे आधीच जेवण आणि एक वेळचं फिरणं घरात राहणाऱ्या माणसाकडे द्यावं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी तुटत नाहीत. जाताना त्यानं आपला न धुतलेला एक टी-शर्ट कुत्र्याच्या अंथरुणात ठेवावा. व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवायचा मोह होतो, पण कुत्रं आवाज ऐकून खोल्याखोल्यांतून शोधत फिरू लागलं तर ते बंद करा. आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरगं चार दिवस घरी आलं की त्यानं मोठ्या फेऱ्या, मस्ती सगळं करावं, पण सकाळचं जेवण आणि संध्याकाळची फेरी ज्याच्याकडे सोपवली आहे त्याच्याकडेच राहू द्यावी. पोरगं परत गेल्यावर दोन-चार दिवस कुत्रं पुन्हा मंदावतं. त्या दिवसांत काही नवीन सुरू करायचं नाही, फक्त सहा वाजता पट्टा घेऊन दाराशी उभं राहायचं आणि वहीत लिहीत राहायचं.